पावसाळ्यात बघू

आत्या,

तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. भात ठेवून बाबा मागे वळतात न वळतात तोच दोन कावळे उतरले. खाडीवर जमलेली माणसं म्हणाली, चला, बाईची काही इच्छा मागे राहिली नव्हती. मला ते पटलं नाही. तुझी एक इच्छा राहिली होती, आणि ती काय होती हे मला पक्कं ठाऊक होतं. शेवटी शेवटी तुला बोलता येईना, तेव्हा तू दाराकडे हात करून माझ्याकडे बघायचीस. मी म्हणायचे, "नाही गं, अजून आली नाही." तू चांगुणाची चौकशी करत होतीस. शेजारची ही सून मुंबईच्या हॉस्पिटलात होती. तिच्या गालातला भाग कापून काढला होता. आजार पुढे सरकला आहे की तिथंच थांबला, हे कळायचं होतं. ते तुला कळलंच नाही. कावळ्याचं काय घेऊन बसलात? खाडीवरचा कावळा तो, भूक लागली होती, आला.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "झाला हिचा चालू! बीए झाली म्हनून आथा कावल्यालाबी शिकवल."

आज महिना झाला. तुला वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे. पेपर तरी कुठे तू वाचायचीस? मी मोठ्यानं वाचायचे आणि तू तवा तापवत मध्ये मध्ये हुंकार द्यायचीस. हेही तसंच वाचून दाखवणार आहे. मध्ये बोलायचं नाही.

सुरुवात तुझ्या फोडापासून करू. ज्यांना आपलं गाव ठाऊक नाही त्यांना हे विचित्र वाटेल, पण आपल्याकडे आजारी पडायचं ते पावसाळ्यात. वसईजवळ कामणच्या बाजूला, खाडीला लागून मिठागरं आहेत. दिवाळी झाली की बांध दुरुस्त करायचे, भरतीचं पाणी आत घ्यायचं, ते उन्हानं आटवायचं आणि माघापासून वैशाखापर्यंत मीठ ओढायचं. पुरुष फळीनं मीठ ओढतात, बायका टोपलीनं वाहून रास घालतात. प्रत्येक घराकडे मिठाच्या वाफ्यांची एकेक रांग. घरातली टोपली उचलणारी बाई बसली की ओढलेलं मीठ तसंच राहतं, रांग मागे पडते, आणि मागे पडलेली रांग मुकादम दुसऱ्या घराला देतो. त्यामुळे दाढ दुखली, पोटात गोळा आला, डोळ्याला पडदा आला, सगळ्याला आपल्याकडे एकच औषध. पावसाळ्यात बघू. मी लहानपणी खरंच समजत असे की डॉक्टर लोक फक्त पावसाळ्यात दवाखाना उघडतात.

मग पावसाळ्यात काय होतं? भात लावायचा असतो. लावणी उरकली की गणपती. गणपती गेले की कापणी. कापणी झाली की दिवाळी, आणि दिवाळी झाली की बांध.

तुला फोड आला तो माघात. डाव्या गालात, आतून. तू मला दाखवलाही नाहीस, मीच पाहिलं की तू भाकरी उजवीकडून खातेस. मी विचारलं तर म्हणालीस, "मिठाचा हाय. पानी खारा, वारा खारा, तोंडात फोड नाय येनार तं काय मोगरा येल?" आणि त्याच फोडावर मशेरी चोळत बसलीस. तव्यावर तंबाखू भाजायचा, त्याची काळी पूड करायची आणि बोटानं दातांना लावायची. आपल्याकडे कोणती बाई लावत नाही? मी तुझ्याशी त्यावरून किती भांडले. पण मशेरीनं जागा बधिर होते, ठणका जरा वेळ थांबतो. ज्यानं दुखणं आलं तेच त्याच्यावर लेप म्हणून लावत होतीस, आणि त्याचा आराम पडत होता हे तर खरंच. मी आराम द्यायला तुला दुसरं काय देत होते? भाषण.

एकदा बाजाराच्या दिवशी मी तुला ओढूनच दवाखान्यात नेलं. तिथल्या माणसानं तोंडात नीट पाहिलंही नाही. गालाला जांभळं औषध फासलं, पिवळ्या गोळ्या दिल्या, म्हणाला, "गरम पडलंय. कमी नाही झालं तर पुन्हा या." घरी येताना एसटीत तुझे ओठ जांभळेजर्द, आणि सगळी गाडी बघतेय. तू पदरानं तोंड झाकून मला म्हणालीस, "जांभला खाल्ली म्हनून सांग." पुन्हा काही आपण गेलो नाही. पुन्हा कधी जाणार? मीठ चालू होतं.

वैशाखात तू नेहमीप्रमाणे आगाशीला गेलीस. लोणच्याचे दिवस. आजीच्या वेळेपासूनची तुझी गिऱ्हाइकं तिकडे, खडेमीठ तुझ्याकडूनच घेणारी. त्यातल्या पानमळ्याच्या काकू. मोठी वाडी, केळी, चिकू, पानवेली, ओटीवर झोपाळा. काकू दिवसभर घरचं पान आणि तंबाखू खायच्या. मी बी.ए. झाले त्या वर्षी, म्हणजे आणीबाणी उठली त्या वर्षी, वसईच्या स्टुडिओत काळा झगा घालून काढलेला माझा फोटो तू मिठाच्या टोपलीत घालून त्यांना दाखवायला नेला होतास. फोटोच्या कोपऱ्याला ओल लागून डाग पडला तो अजून आहे. काकू म्हणाल्या होत्या, "ही कोण गं, वकील?" आणि तू, "वकील कनाला? माजी भाची. वकील हिच्याकरं सल्ला मागायला येतील." त्या फोटोवर तू किती वर्षं मीठ विकलंस कुणास ठाऊक.

तर त्या वैशाखात काकूंनाही गालात फोड आला होता. तुझा आधीचा, त्यांचा नवा. तुम्ही दोघी ओटीवर बसून एकमेकींना उपाय सांगत होतात. तू म्हणालीस मशेरी लावा, त्या म्हणाल्या तुरटी धर. त्याच आठवड्यात काकूंचा मुंबईचा भाचा आंबे खायला आला. डॉक्टर तो. जेवताना त्याला काकू वाकडं चावताना दिसल्या. त्यानं हात धुतले, बॅटरी आणली, तोंडात पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी गाडीत घालून त्यांना घेऊन गेला. पावसाला सुरुवात व्हायच्या आत काकूंचं ऑपरेशन होऊन त्या घरी आलेल्या होत्या.

हे आपल्याला कळलं पुढच्या वैशाखात. मधलं सगळं वर्ष तू लावणी केलीस, कापणी केलीस, बांध घातलेस, टोपल्या वाहिल्यास. कानात ठणका लागला तर कानात तेल घातलंस.

त्या वर्षी मी तुझ्याबरोबर आगाशीला आले कारण तुला टोपली झेपत नव्हती. काकूंच्या गालावर व्रण होता, पण त्या ठणठणीत होत्या, आपल्याला बघून झोपाळ्यावरून उठल्या. तुझ्याकडे पाहिलं मात्र आणि म्हणाल्या, "तोंड उघड." तू उघडलंस, म्हणजे जेवढं उघडत होतं तेवढं. काकू खाली बसल्या. त्यांनी मीठ घेतलं नाही, मला म्हणाल्या, "उद्या सकाळी हिला घेऊन विरार स्टेशनवर ये. मी येते."

आणि आल्या. एवढी वाडीवाली बाई, पण दिवसभर त्या हॉस्पिटलच्या बाकावर आपल्याबरोबर बसून होत्या. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याशिवाय चालणारही नव्हतं. त्या बाकांवर सगळीकडे आपलीच माणसं होती. लुगड्यातली, धोतरातली, कोण जव्हारकडची, कोण कोकणातली, कोण आणखी लांबची, गाठोडी घेऊन आलेली. आतून डॉक्टर प्रत्येकाला तोच प्रश्न विचारत होते, बाहेरपर्यंत ऐकू यायचा. तुलाही विचारलाच, "बाई, इतके दिवस काय करत होता?"

तू म्हणालीस, "मीठ."

डॉक्टर तरुण होते. त्यांना कळलं नाही, म्हणून मी सांगितलं. ते म्हणाले, "आता मीठ बंद." तू हसलीस. वाकडं हसू आलं, कारण सरळ येणारं नव्हतंच.

ऑपरेशनची वेळ गेली होती. किरणं दिली, महिनाभर. किती दिवस आहेत हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि मी तुला सांगितलं नाही. तूही विचारलं नाहीस. एकाच खोलीत आपण दोघी ते माहीत असून वर्षभर राहिलो. आता वाटतं, बोललो असतो तर बरं झालं असतं. पण एकमेकींना जपायची आपल्या घरची रीतच तशी, विषय बदलायचा आणि चहा टाकायचा.

त्याऐवजी आपण भांडलो. ते भांडण अजून मिटलेलं नाही, म्हणून पुन्हा काढते. हॉस्पिटलातून आल्यावर मी म्हणाले होते, "हे सगळं अज्ञानामुळे. आपल्या लोकांचं अज्ञान." कॉलेजात या विषयावर माझा वक्तृत्वात नंबर आला होता, त्यामुळे जोरात म्हणाले.

तू उशीवरून उठून बसलीस. "कोनाचा अज्ञान? मना पयल्या महिन्यात ठाव होता का ह्यो फोड बरा नाय. रोज जीभ तिथंच जायची."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून? तू रजा काढून टोपली उचलनार होतीस?"

"जीव मोठा की रांग मोठी?"

"रांग गेली तर जीव ठेवायचा कशावर? तुजी कॉलेजची फी कुठनं आली, आभालातनं?"

मी चिडून विचारलं, "कॅन्सर आहे असं तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर? तर गेली असतीस?"

तू उशी सारखी केलीस. मग म्हणालीस, "रास लागंपर्यंत थांबले असते."

मी उठून बाहेर गेले. मला वाटलं तू मला हरवायला तसं म्हणालीस. आज मला तसं वाटत नाही, पण तुझं सगळं पटतं असंही नाही. माहीत असणं वेगळं आणि कुणीतरी शहाण्या माणसानं तोंडात बघून नाव घेऊन सांगणं वेगळं. त्याचा धक्का बसतो. तुला तो धक्का द्यायला कुणी नव्हतं, एवढं माझं म्हणणं आहे. काकूंचं आणि तुझं अज्ञान सारखंच होतं. त्यांनाही तुरटीच सुचली होती. फरक इतकाच की त्यांच्या पंगतीला डॉक्टर बसला होता. यावर तुझं उत्तर मला हवं होतं. तू असतीस तर नक्कीच काहीतरी खवचट बोलली असतीस.

पण मी भांडत बसले आणि तू कामाला लागलीस. यंदा मीठ सुरू झालं तेव्हा तू म्हणालीस, मना मिठागरावर न्या. बाबांना वाटलं, बाईला शेवटचं बघायचं असेल. तू छत्री घेऊन बांधावर बसलीस. दुपारी भाकऱ्या सोडल्या तेव्हा बायकांना म्हणालीस, "इकरं या एकेक. तोंड उघरा."

हसल्या सगळ्या. हिरा म्हणाली, "आत्या, घोडी विकत घेतेस का?"

"घोडी घेतली असती तं बरा होता, तुज्यापेक्षा कमी खाते. उघड."

मिठागरावर दुपारी ऊन वरूनही येतं आणि खालच्या पांढऱ्या मिठावरूनही येतं. तोंड उघडलं की घशापर्यंत लख्ख दिसतं. बॅटरी लागत नाही. आगाशीच्या काकूंच्या भाच्यानं तुला हॉस्पिटलात सांगितलं होतं की पुसून न जाणारा पांढरा डाग, बरा न होणारा फोड, न उघडणारं तोंड, एवढं बघायचं. बायका म्हणाल्या, तुला काय कळतं गं त्यातलं? तू म्हणालीस, "मी डाक्टर नाय. मी फकत उशीर झालेली बाय हाय. माजा बघा आन तुमचा बघा." आणि पदर बाजूला करून आपला गाल दाखवलास. मी तिथं होते, रविवार होता. त्यानंतर कुणी हसलं नाही.

चांगुणाच्या गालात तुला डाग दिसला. पांढरा, मध्ये लाल. दुखतही नव्हता तिला. कडेवर पोर, अंगावर रांग, ती म्हणाली, "पावसाल्यात जाईन आत्या. देवाशपथ."

तू म्हणालीस, "पावसाला माजाबी होता."

तरी ती जाईना, आणि खरं सांगायचं तर तिला जाता येत नव्हतं. गोमा मुकादम बांधावर उभा राहून सरळ बोलला, "ऐन हंगामात मानूस सोडला तर रांग दुसऱ्याला देनार. मना वर जबाब द्यायचा असतो." तो वाईट माणूस नाही. तोही याच नियमात म्हातारा झाला. मी त्याला कायदा सांगायला गेले. तू माझा हात दाबलास. तुझा आवाज तेव्हाच तुटका झाला होता. तू मुकादमाला काही बोललीच नाहीस, बायकांकडे वळलीस. "सकालची पयली टोपली चांगुनाच्या राशीवर. सगल्यांची. मंग आपापली. रांग मागे पडनार नाय. ऱ्हायली तर बोला."

मग हिरा उठली, म्हणाली, "माजी पयली." आणि दुसरी म्हणाली, आणि ती झाल्यावर चढाओढच लागली. मुकादमाला नाही म्हणायला काही उरलं नाही. मीठ उचललं जात होतं, रास वाढत होती, त्यानं काय सांगायचं वर?

माघातच चांगुणा मुंबईला गेली. भर हंगामात, अंगावर घाम असताना मिठागर सोडून हॉस्पिटलात गेलेली आपल्याकडची ती पहिली बाई. मी तिच्याबरोबर गेले. काकूंनी भाच्याला आधीच सांगून ठेवलं होतं. आतल्या डॉक्टरांनी तिला तो नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. उलट म्हणाले, "तुम्हाला इतक्या लवकर कुणी पाठवलं?" मी तुझं नाव नीट सांगितलं. संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

ऑपरेशन झालं आणि काढलेला भाग तपासायला गेला. इकडे तू खाट धरलीस. पुढचं तुला माहीत आहे.

आता जे माहीत नाही ते. तुझं दहावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी निकाल आला. कापलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत. मानेत काही नाही. किरणंसुद्धा लागणार नाहीत. चांगुणाचा नवरा माझ्या बांधकाम खात्याच्या कचेरीत धावत आला, सगळ्या टेबलांसमोर मला म्हणाला, "ताई, नाय सरकला!" आमच्या साहेबांना वाटलं, पुलाचं काम सरकलं नाही. मी तिथंच रडले. नंतर साहेबांना सगळं सांगितलं आणि त्यांनाही विचारलं, तुम्ही तंबाखू खाता का?

आत्या, तू गेलीस याचं दुःख आहे आणि ते राहणार. पण तुझ्यामागे मी नुसती रडत बसलेली नाही. माझं वक्तृत्व आता मी भाषणासाठी वापरत नाही. बाजाराच्या दिवशी दवाखान्यात जाऊन बसते आणि त्या जांभळ्या औषधवाल्याला म्हणते, नीट बघा, बॅटरीनं बघा. त्याला माझा वैताग आलाय. पण परवा त्यानं एका म्हाताऱ्याला चिठ्ठी देऊन मुंबईला पाठवलं. त्याला काही निघालं नाही. बरंच झालं.

मागच्या रविवारी चांगुणा मिठागरावर आली. काम नाही, नुसती बघायला. गालाला फडकं, बोलणं थोडं बोबडं. बायकांनी तिला गराडा घातला. तिच्या रांगेची रास सगळ्यांत उंच झाली होती, कारण कुणाला पहिली टोपली बंद करायचं सुचलंच नव्हतं. ती मुकादमासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, वैशाखात मना परत बोलावलाय. दाखवायला. दोन दिस."

"वैशाखात? राशी झाकायच्या वेलेला?"

"हां."

मी पुढे होणार होते, पण थांबले. मुकादमानं डोकं खाजवलं, राशीकडे बघितलं. "मंग पयली टोपली कोनकोन घालनार ते आत्ताच ठरवा. मागनं मना कटकट नको."

म्हणाला आणि गेला नाही. तिथंच घुटमळला. चुन्याची डबी हातात फिरवत होता, ती शेवटी खिशात टाकली. चांगुणाकडे न बघता म्हणाला, "म्हातारी काय बघायची गं तोंडात?"

"काय दुखताय का दादा?"

"दुखत नाय. जीभ जाते तिथं."

मुकादमानं टोपी काढली, उन्हाकडे मान केली आणि डोळे मिटून तोंड उघडलं. चांगुणा टाचा वर करून आत बघायला लागली.

"अजून उघडा दादा," ती म्हणाली. "लाजू नका. आन उद्या सकालच्या गाडीला चला माज्यासंगं."